व्यायामशास्त्राच्या विद्यार्थ्याला कोण पोसणार?

पोलीस किंवा सैन्यभरतीची जाहिरात निघाली की नांदगाव तालुक्यातील रस्ते पहाटेच जागे होतात. पर्जन्यछायेतील हा तालुका. शेती बहुतांशी पावसाच्या लहरीवर आणि कांद्याच्या भावावर अवलंबून. अशा ठिकाणी सरकारी नोकरी हे केवळ प्रतिष्ठेचे साधन नसते; घर सावरण्याचा तो एक खात्रीचा मार्ग असतो. पोलीस शिपायाच्या मैदानी परीक्षेत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या काही मिनिटांसाठी हजारो तरुण महिनोन्महिने घाम गाळतात. पण हा घाम कसा गाळावा, हे त्यांना सांगतो कोण? मागच्या खेपेस भरती झालेला एखादा मित्र, निवृत्त होऊन गावी परतलेला एखादा जवान, नाही तर मोबाईलवरील एखादी चित्रफीत. पाणी केव्हा प्यावे, अंगात कणकण असताना धावावे की नाही, उन्हाची सवय किती दिवसांत होते, या प्रश्नांची उत्तरे एका शास्त्राने शोधली आहेत. त्या शास्त्राचा जाणकार मात्र तालुक्याच्या गावी सहसा आढळत नाही.

या अज्ञानाची किंमत कधीकधी प्राणांनी चुकवावी लागते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीसभरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर किमान चार उमेदवार दगावले आणि मग हे अंतर ३ किलोमीटरवर आणण्यात आले. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीत १० किलोमीटरच्या धावेने दहाहून अधिक तरुणांचा बळी घेतला. तेव्हा चाचणी काही दिवस थांबवावी लागली. दोन्ही ठिकाणी शहाणपण आले ते मृत्यूच्या मागून. वस्तुतः ते आधीच उपलब्ध होते. अमेरिकेच्या मरीन दलाच्या प्रशिक्षण छावण्यांत उष्माघाताचे रुग्ण वाढले, तेव्हा १९५० नंतरच्या दशकात तेथील संशोधकांनी तापमान, आर्द्रता आणि उन्हाची तिरीप यांचा मेळ घालून एक निर्देशांक तयार केला. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कवायत बंद. या साध्या नियमाने रुग्णसंख्या पुष्कळ घटली. शरीराला उष्णतेशी जुळवून घेण्यास सुमारे १० ते १४ दिवस लागतात, हेही आज शास्त्राला पुरते ठाऊक आहे. ठाऊक नाही ते भर उन्हात धावणाऱ्या पोराला.

हे ज्ञान आकाशातून पडत नाही. आर्चिबाल्ड हिल या इंग्रज शास्त्रज्ञाला स्नायूंतील उष्णतानिर्मितीच्या अभ्यासासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. धावताना शरीराला किती प्राणवायू लागतो, हे त्याने पुढे धावणाऱ्या माणसांवरच, स्वतःवरही, प्रयोग करून मोजले. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या मानाने जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. आपल्या देशात १९५६ मध्ये ज्याँ मेयर, पूर्णिमा रॉय आणि कामाख्या मित्र यांनी बंगालमधील ताग गिरणीच्या नोकरांचा आहार, वजन आणि श्रम यांचा ताळा घातला. त्यात असे दिसले की बसून काम करणाऱ्या कारकुनांचा आहार हलके काम करणाऱ्या मजुरांपेक्षा कमी नव्हे, उलट अधिक होता; आणि त्यांचे वजनही अधिक होते. म्हणजे व्यायामशास्त्र हे केवळ पदक मिळवणाऱ्या पहिलवानाचे शास्त्र नव्हे. खुर्चीवर बसून चाळिशी गाठणाऱ्या कारकुनाचे आणि शिक्षकाचेही ते शास्त्र आहे.

महाराष्ट्राला तर या विषयाची परंपराच आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्यास आरंभ केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघाले. अलीकडच्या काळात पुण्याच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांच्या शेतीकामाची, पाणी भरण्याची नोंद घेतली. श्रमांचा भार अधिक असलेल्या मातांची बाळे तुलनेने लहान जन्मतात, हा त्यांचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात हंड्याची वाट लांबते, तेथे या निष्कर्षाचे मोल काय, हे सांगावयास नको. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील ५४.४ टक्के प्रौढ माणसे पुरेशी हालचाल करीत नाहीत, असे आढळले. एकीकडे अतिश्रम, दुसरीकडे निष्क्रियता. अभ्यासाला विषयांची वाण नाही, बुद्धीचीही नाही. वाण आहे ती अभ्यासकाच्या दोन वेळच्या जेवणाची.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथेच खरी मेख आहे. संशोधनाचा लाभ सर्वांना होतो. खर्च मात्र एकट्या संशोधकाच्या माथी येतो. बसवाहकांच्या अभ्यासाचा फायदा जगभरच्या कोट्यवधी लोकांना झाला, पण त्यांपैकी कोणीही त्याची किंमत मोजली नाही. मोजणे शक्यही नव्हते. अशी वस्तू बाजार निर्माण करीत नाही. ती समाजालाच निर्माण करवून घ्यावी लागते, आणि त्याचेच नाव शिष्यवृत्ती. शेतकऱ्याचा मुलगा शारीरिक शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेतो तेव्हा घर त्याच्या पगाराची वाट पाहत असते. संशोधनाची प्रत्येक दोन वर्षे म्हणजे त्या घराने सोडून दिलेले दोन वर्षांचे उत्पन्न. मग तो तासिका तत्त्वावर शिकवू लागतो किंवा भरतीचा खासगी वर्ग काढतो, आणि मनातला प्रश्न मनातच राहतो.

शिष्यवृत्त्या मुळीच नाहीत असे नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत शारीरिक शिक्षण हा विषय आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती मोजक्यांच्याच वाट्याला येते आणि बहुधा पदव्युत्तर शिक्षण आटोपल्यावर येते. वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची गोडी लागावी म्हणून वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये अल्पमुदतीची विद्यार्थिवृत्ती सुरू केली. पदवीच्या वर्षातच छोटासा प्रश्न घेऊन तो सोडवून पाहण्याची तशी संधी व्यायामशास्त्राच्या विद्यार्थ्याला का नसावी?

याउलट पुरस्कारांच्या बाबतीत आपला हात सढळ आहे. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून, द्रोणाचार्य १९८५ पासून. राज्याचे शिवछत्रपती पुरस्कार आहेतच. ते खेळाडूला मिळतात, मार्गदर्शकाला मिळतात. खेळाडूच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या संशोधकासाठी त्यांत स्वतंत्र स्थान नाही. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला कांस्यपदक जिंकताच राज्य शासनाने १ कोटी रुपये जाहीर केले. ते योग्यच झाले. परंतु १९५२ मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांना आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे करावे लागले होते, हेही विसरता येत नाही. अर्जुन पुरस्कार खाशाबांना मिळाला तो मृत्यूनंतर. जेरेमी मॉरिस यांना ऑलिंपिक समितीचे व्यायामशास्त्राचे पारितोषिक १९९६ मध्ये मिळाले, तेव्हा ते ८६ वर्षांचे होते. बसवाहकांच्या मागे हिंडत होते तेव्हा त्यांना पारितोषिकाची नव्हे, वेतनाची गरज होती. आणि ते वेतन ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दिले होते. पुरस्कार फळाला मिळतो, शिष्यवृत्ती मुळाला. मुळाला पाणी न घालता फळाचा सत्कार करीत राहणे हा महागडा व्यवहार आहे.

यावर असा आक्षेप येईल की, जेथे धड मैदान नाही, तेथे संशोधन कशाला? मैदाने हवीतच. पण हिशेब करून पाहावा. राज्यातील ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी एक अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपयांप्रमाणे दिली, तर वर्षाचा खर्च १ कोटी ५९ लाख ८४ हजार रुपये होतो. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : शिष्यवृत्तीच्या पैशावर पदवीपुरते प्रबंध लिहिले जातील आणि कपाटात धूळ खात पडतील. म्हणून अटी कडक असाव्यात. प्रश्न त्याच जिल्ह्यातला असावा. मार्गदर्शकांपैकी एक शरीरक्रियाशास्त्राचा असावा. आणि निष्कर्ष सोप्या मराठीत शाळा, व्यायामशाळा आणि भरतीकेंद्रे यांच्यापर्यंत पोहोचविल्याखेरीज शेवटचा हप्ता मिळू नये.

नाशिक जिल्ह्यापुरते बोलायचे तर अडचण असण्याचे कारण नाही. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकलाच आहे, महाविद्यालय नांदगावात आहे, आणि याच तालुक्यातील मनमाडच्या व्यायामशाळांतून मुली राष्ट्रीय पातळीवर भार उचलत आहेत. शेजारच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीसारख्या अवर्षणग्रस्त गावाने दत्तू भोकनळ हा नौकानयनपटू २०१६ च्या ऑलिंपिकला पाठविला. चैत्र-वैशाखात धावणाऱ्या मुलाने सराव किती वाजता थांबवावा? भार उचलणाऱ्या मुलीच्या रक्तात लोह किती आहे? भाकरी-डाळीच्या आहारावर किती श्रम झेपतात? हे प्रश्न लंडन-बोस्टनचे अभ्यासक येऊन सोडविणार नाहीत. ते सोडवू शकेल असा विद्यार्थी आज कदाचित तालुक्याच्याच महाविद्यालयात शिकत असेल आणि पुढे शिकावे की भरतीला उभे राहावे, या विवंचनेत असेल. त्याने संशोधनाची वाट धरावी असे वाटत असेल, तर त्या वाटेवरची शिदोरी समाजानेच बांधून द्यावयास हवी.