पोकळी उकळत नाही, फुकट वीजही देत नाही

खानदेशात भास्कराचार्यांचा विषय निघाला की शून्य आलेच. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांचा नातू चांगदेव याचा १२०७ सालचा शिलालेख सापडला; आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. पण गप्पा रंगल्या की कोणीतरी ठासून सांगतो, ‘क्वांटम विज्ञानातली पोकळी म्हणजे आपले शून्यच!’ इथे गाडी रूळ सोडते. भास्कराचार्यांनी शून्याने भागल्यावर येणाऱ्या ‘खहर’ राशीचा विचार केला, तो गणितातला. क्वांटम पोकळी ही संख्या नाही, ती क्षेत्रांची सर्वांत कमी ऊर्जेची अवस्था आहे.

मग सगळे काढून घेतल्यावर काहीच उरत नाही का? हवा उपसा, उजेड अडवा, तापमान खाली न्या. विद्युतचुंबकीय क्षेत्र तिथेच राहते. आखाजीला झाडाला बांधलेला झोका वारा पडला की निश्चल लोंबतो. क्षेत्राच्या कंपनांना ती मुभा नाही. हायझेनबर्गच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वानुसार क्षेत्राचे मूल्य आणि त्याच्या बदलाचा वेग, दोन्ही एकाच वेळी नेमके शून्य होऊ शकत नाहीत.

यातूनच सर्वांत लोकप्रिय गैरसमज निघाला: पोकळीत क्षणोक्षणी कण उपजतात आणि नाहीसे होतात, जणू काही खदखदतेच आहे. चित्र झकास, पण फसवे. पोकळीची अवस्था काळानुसार बदलतच नाही. चढउतार म्हणजे मोजमाप केल्यावर येणाऱ्या उत्तरांतला फैलाव. ‘आभासी कण’ हे आकडेमोडीतले घटक आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारे जीव नव्हेत.

म्हणून हे सगळे कागदावरचे, असेही नाही. विलिस लॅम्ब आणि रॉबर्ट रेदरफर्ड यांनी १९४७ मध्ये हायड्रोजनच्या, डिरॅकच्या सिद्धांतानुसार एकसारख्या असायला हव्या अशा दोन ऊर्जापातळ्यांत बारीकसा फरक मोजला. त्याचा हिशेब विद्युतचुंबकीय क्षेत्राचे चढउतार धरल्याशिवाय जुळत नाही.

तिसरा गैरसमज पैशाचा आहे. ‘पोकळीतून अमर्याद वीज’ देणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती अधूनमधून उगवतात. पण सर्वांत खालच्या पायरीवरून आणखी खाली उतरणार कुठे? पोकळीतल्या दोन धातूच्या पत्र्यांमधले, कासिमिरने १९४८ मध्ये सांगितलेले आकर्षण खरे आहे, १९९७ मध्ये लॅमोरोने ते नीट मोजलेही. एक मायक्रॉन अंतरावरच्या दोन आदर्श धातूच्या पत्र्यांवर त्याचा दाब हवेच्या दाबाच्या साधारण आठ कोटींव्या भागाइतका भरतो. पत्रे एकमेकांना चिकटले की खेळ संपला. पुन्हा लांब करायला मिळालेली ऊर्जा परत घालावी लागते.

पोकळीची ऊर्जा ढोबळ पद्धतीने मोजली, तर विश्वाच्या निरीक्षणांतून येणाऱ्या आकड्यापेक्षा ती सुमारे एकावर १२० शून्ये इतक्या पटीने जास्त निघते. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले थाणू पद्मनाभन (१९५७-२०२१) या कोड्यावर वर्षानुवर्षे काम करत होते. ऊर्जेत एखादा स्थिरांक मिळवला तर गुरुत्वाकर्षणाला त्याची दखल घ्यायचे कारण नाही, असा सिद्धांत हवा, हा त्यांचा आग्रह. कोडे अजून सुटलेले नाही.

पोकळीच्या चढउतारांशी प्रत्यक्ष झुंज मात्र चालूच आहे. आता हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे; केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांतून लेसर जाऊन परत येतो आणि बाहेर पडायच्या तोंडाशी दोन्ही लहरी जवळपास एकमेकींना खोडतात. ज्या अंधाऱ्या तोंडातून एरवी कोणी काही सोडत नाही, त्यातूनच पोकळीचे चढउतार आत शिरतात. अमेरिकेतल्या लायगोच्या ४० किलोच्या आरशांना ते ढकलतात, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसले. सरकणे मात्र प्रोटॉनच्या व्यासाच्या लाखाव्या भागाहूनही कमी. तिथले शास्त्रज्ञ २०१९ पासून त्याच तोंडातून ‘दाबलेला’ प्रकाश सोडतात: एका बाजूचा फैलाव आवळायचा, दुसऱ्या बाजूचा वाढू द्यायचा. वाढलेला फैलाव कमी वारंवारतेला आरसे जास्त हलवतो, म्हणून २०२३ पासून हा प्रकाश आधी ३०० मीटर लांबीच्या एका पोकळ नळीतून फिरवून आणला जातो.