लॅपटॉपचा अवसानघात

‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण आमच्या बीड जिल्ह्यास जशी लागू पडते तशी क्वचितच दुसरीकडे पडत असेल. परळीचें औष्णिक वीजकेंद्र आमच्या अंबाजोगाईच्या शेजारींच. त्याचा पहिला संच १९७१ सालीं चालूं झाला. २०१३ च्या दुष्काळांत पाण्यावांचून तें बंद ठेवण्याचीहि पाळी आली. वीज जन्मास घालणारें गांव इतकें जवळ असूनहि आमच्या घरची वीज वेळींअवेळीं जाते, म्हणून चार घरांप्रमाणें आम्हीहि इन्व्हर्टर बसविला आहे. तरीहि गेल्या मार्चअखेरीस घरांत जो प्रसंग उद्भवला, त्यापासून आम्हांस कांहीं शिकावयास मिळालें. तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमची धाकटी सून पुण्याच्या एका कचेरीचें हिशेबाचें काम घरीं बसून लॅपटॉपवर करते. वर्षअखेरचे ताळेबंद चालले असतां वीज गेली. इन्व्हर्टरनें दिवे लागलीच सांवरले, पण लॅपटॉप मात्र डोळे मिटून बसला! दोन तासांचें काम बुडालें. असें आठवड्यांत तीनदां झालें, आणि ‘पुन्हां असें झाल्यास काम दुसऱ्याकडे द्यावें लागेल,’ असा कचेरीचा निरोप आला. आमच्या वहिनी म्हणाल्या, “घरांत काय कमी आहे? सोडून दे म्हणावें ती नोकरी.” आम्हीहि मास्तरी संवयीनें सुनेसच बोल लावला, कीं चार्जिंगची काळजी तूं घेत नसशील. ती एवढेंच म्हणाली, “मामंजी, नव्वदच्या वर आंकडा दिसत होता हो!” एका दुरुस्तीवाल्यानें यंत्र उघडून न पाहतांच ‘मदरबोर्ड गेला’ असा निकाल दिला, व नव्या यंत्राच्या निम्मी किंमत सांगितली.

आमचें विज्ञान मॅट्रिकपुरतेंच. परंतु अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविला आहे. जेथें धूर तेथें अग्नि हा अन्वय, व जेथें अग्नि नाहीं तेथें धूर नाहीं हा व्यतिरेक. या दोन कसोट्या लावल्यावांचून कारण ठरवूं नये, हें मुलांना सांगणारे आम्ही घरांत मात्र आधीं निकाल देऊन मोकळे झालों होतों! तेव्हां सुनेस जवळ बसवून आरंभापासून विचार केला.

लॅपटॉपचे पोशिंदे दोन. भिंतीतील २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह घेऊन ॲडाप्टर त्याचा सुमारें १९ ते २० व्होल्टचा एकदिश प्रवाह करतो. त्यावर यंत्रहि चालतें व बॅटरीहि भरते. ॲडाप्टर थांबला कीं आंतील सूक्ष्म विद्युत्-कळ पापणी लवण्याच्या आंत सर्व भार बॅटरीवर टाकते. वीज जाऊन इन्व्हर्टर जागा होईपर्यंत जी क्षणभराची फट पडते, तीहि बॅटरीच भरून काढते. ॲडाप्टरच्या स्वतःच्या पोटांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागास पुरेल इतकीच शिल्लक असते.

बॅटरी जुनी झाली कीं तिच्या घटांचा अंतर्गत रोध वाढतो. स्वस्थ असतांना तिचा व्होल्टेज पुरा दिसतो, पण भार पडतांच तो एकदम खालीं येतो आणि संरक्षक योजना प्रवाह तोडते. आमच्यासारखा पेन्शनर ओट्यावर बसलेला धडधाकट दिसतो. भरलेली घागर उचलावयास सांगा म्हणजे कमरेचें खरें वय कळतें. पडद्यावरील टक्केवारी ही त्या ओट्यावरच्या रूपाची साक्ष होय.

मग काम सुरक्षित सांठवून आम्हीं चार परीक्षा केल्या. पहिली: वीज चालूं असतांनाच ॲडाप्टरची पिन उपसली. यंत्र तत्काळ मिटलें. म्हणजे इन्व्हर्टर निर्दोष. दुसरी: केवळ बॅटरीवर यंत्र सुरूं केलें. तें चाललें, पण मोठा ताळेबंद उघडतांच अंधार. तिसरी: बॅटरी काढून केवळ ॲडाप्टरवर दोन तास काम केलें, कांहीं बिघडलें नाहीं. चवथी निर्णायक: पुतण्याचा लॅपटॉप त्याच जातीचा आहे. दोन्ही यंत्रें बंद करून, ॲडाप्टर काढून, बॅटऱ्यांची अदलाबदल केली. सुनेचें यंत्र आतां पिन काढली तरी चालूं राहिलें, आणि पुतण्याचें मिटलें! दोष बॅटरीबरोबर चालता झाला. विंडोज प्रणालींत बॅटरीचा अहवाल मागवितां येतो, तोहि पाहिला. मूळची शक्ति ४१ वॅट-तास, उरलेली १३. यंत्र वर्षानुवर्षें भिंतीला जोडून ठेवलेलें, त्यांत मराठवाड्याचा उन्हाळा. उष्णता आणि सदैव भरलेलें पोट ही दोन्ही लिथियम-आयन बॅटरीचें आयुष्य खातात.

सर्वच यंत्रांचा दोष हाच असेल असें मात्र नव्हे. यंत्र एकदम न मिटतां रीतसर निरोप घेऊन बंद होत असेल किंवा झोपीं जात असेल, तर प्रथम वीजवापराच्या सेटिंग्ज पाहाव्या. पिन हलवितां यंत्र बंद पडत असेल तर जोड सैल समजावा. बॅटरी निघणारी असल्यास ती व ॲडाप्टर दोन्ही काढून चालूं करण्याचें बटण तीसएक सेकंद दाबून धरावें. हा फुकटचा उपाय कधीं कधीं लागू पडतो. इन्व्हर्टरच्या मागें यूपीएसची कळ असल्यास ती लावावी, म्हणजे मधली फट कमी होते. नवी बॅटरी घालूनहि दोष राहिला तरच मदरबोर्डाची शंका घ्यावी. आणि बॅटरी फुगून यंत्राचें अंग वर आलें असेल, तर तें वापरूं नये, बॅटरी दाबूं नये कीं टोंचूं नये. ती जाणत्या माणसाकडून काढवून ई-कचऱ्यांत द्यावी.

नवी बॅटरी मदरबोर्डाच्या मानानें पुष्कळच स्वस्तांत आली. सुनेस विनाकारण बोललों याबद्दल आम्हीं सर्वांदेखत तिची क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशीं दिवेलागणीस वीज गेली. आम्ही सगळे तिच्या पडद्याकडे पाहूं लागलों. तिनें मात्र मान वर केली नाहीं, बोटें चाललींच होतीं. थोड्या वेळानें वहिनींनी चहाचा कप तिच्या शेजारीं आणून ठेवला, आणि नोकरीचा विषय पुन्हां काढला नाहीं.