फ्लूची कॅप्सूल: कोणाला, कधी आणि किती

मंत्रालयातल्या कामासाठी किंवा घरच्या माणसाला एम्समध्ये दाखवायला दिल्लीत आलेली बरीच मराठी मंडळी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात उतरतात. ऐन थंडीत त्यांच्यापैकी कुणाला ताप भरला, की घरून फोनवर सल्ला येतो: ‘टॅमिफ्लू घेऊन टाक. मागच्या वेळच्या दोन-चार उरल्या असतील बघ.’ सल्ला मायेचा असतो, पण धोक्याचाही असतो.

हे नाव आपल्या घराघरांत शिरलं ते २००९ साली. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. टॅमिफ्लू हे कंपनीने दिलेलं नाव. औषधाचं नाव ओसेल्टामिविर. तेव्हा ते सुरुवातीला फक्त सरकारी यंत्रणेतून मिळायचं. त्या धास्तीच्या दिवसांत ‘जीव वाचवणारी गोळी’ अशी त्याची जी ख्याती झाली, ती अजून टिकून आहे.

‘ताप-खोकला आला की ही गोळी घ्यावी’ हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. पेशीत तयार झालेले फ्लूचे नवे विषाणू तिथून सुटून पुढच्या पेशींवर जातात, ते न्यूरामिनिडेज नावाच्या विकराच्या मदतीने. ओसेल्टामिविर ते विकर अडवतं. म्हणजे त्याचा उपयोग इन्फ्लुएन्झा ए आणि बी या विषाणूंपुरताच. कोविडच्या विषाणूकडे हे विकर नाही. साध्या सर्दीवर या औषधाचा परिणाम होत नाही, आणि दिल्लीच्या धुरकट हवेने लागलेल्या खोकल्यावर तर नाहीच.

मग फ्लू झालेल्या प्रत्येकाला ते द्यावं का? तेही नाही. एरवी धडधाकट माणसाचं आजारपण त्याने जेमतेम एखाद्या दिवसाने कमी होतं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे ए, बी, सी असे गट केले आहेत. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी असलेला ‘ए’ गटातला रुग्ण घरी विश्रांती घेऊन बरा होतो. त्याला ना चाचणी लागते ना ओसेल्टामिविर. गर्भवती, पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढची माणसं, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले यांचं मात्र वेगळं. त्यांना डॉक्टर लवकर औषध सुरू करतात. ‘गरोदरपणी नकोच’ म्हणून त्या बाईला औषधापासून लांब ठेवणं मला सर्वांत घातक वाटतं, कारण फ्लू बळावण्याचा धोका तिलाच जास्त असतो.

वेळेबाबत दोन्ही टोकांचे समज आहेत. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत औषध सुरू झालं तर गुण सर्वाधिक, हे खरं. म्हणून जोखमीच्या रुग्णाला ‘आधी रिपोर्ट येऊ दे’ म्हणत थांबवून ठेवत नाहीत. पण ‘दोन दिवस उलटले, आता काय उपयोग’ हेही चूक. दम लागणं, छातीत दुखणं, गुंगी, थुंकीतून रक्त, नखं निळी पडणं, लहान मुलाने दूध-पाणी सोडणं ही ‘सी’ गटाची लक्षणं दिसली तर रुग्णालयात उशिरानेही औषध सुरू करतात. अशा वेळी खोलीत पडून राहू नये. सदनापासून राम मनोहर लोहिया रुग्णालय फार लांब नाही.

आता उरलेल्या कॅप्सूलबद्दल. मोठ्यांचा नेहमीचा उपचार ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. त्यामुळे पाकिटात चार उरल्या असतील तर बहुधा कुणीतरी उपचार अर्ध्यावर सोडलाय. बरं वाटलं तरी ठरलेले दिवस पुरे करावेत. मुलांचा डोस वजनावर ठरतो आणि मूत्रपिंड अधू असेल तर मोठ्यांचाही कमी करावा लागतो, म्हणून शेजाऱ्याचा डोस आपला होत नाही. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. केमिस्टने चिठ्ठी पाहून वेगळ्या वहीत नोंद करायची असते. ओळखीने, चिठ्ठीशिवाय ते मिळवण्यात शहाणपण नाही.

मळमळ आणि उलटी हा त्याचा नेहमीचा त्रास. जेवणासोबत घेतलं तर कमी होतो. क्वचित, विशेषतः मुलांमध्ये, भ्रम किंवा विचित्र वागणं दिसल्याच्या नोंदी आहेत. तसं काही वाटलं तर डॉक्टरांना लगेच कळवावं. फ्लूमध्ये मुलांना ॲस्पिरिन कधीच देऊ नये; ताप उतरवायला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे.

ॲझिथ्रोमायसिन जोडीला घेण्याची सवय तर आपल्याकडे फारच. ते जिवाणूंवर चालतं, फ्लूच्या विषाणूवर नाही.

आणि चक्रफूल. त्यातल्या शिकिमिक आम्लापासून ओसेल्टामिविर बनवतात, हे खरं आहे. पण मध्ये कारखान्यातल्या अनेक रासायनिक पायऱ्या असतात. काढ्यात शिकिमिक आम्ल उतरेल, औषध नाही. घसा शेकायला काढा जरूर घ्या.

एखादा डोस चुकला तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसला दोन तासांहून कमी वेळ उरला असेल तर तो सोडून द्यावा. दोन कॅप्सूल एकदम घेऊ नयेत.