पंप कुठे आहे?

दिवाळीची सुट्टी संपवून मुले शाळेत परततात, तेव्हा त्यांच्याबरोबर खोकलाही वर्गात येतो. फटाक्यांचा धूर, पहाटेचा गारठा, साफसफाईत उडालेली धूळ आणि त्यात पडसे! दमेकरी मुलाला एवढे पुरते. म्हणूनच, वाचकहो, प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवत आलेल्या माझ्यासारख्या बाईने हा विषय नेमका फराळाच्या वेळी काढला, तर रागावू नका.

पूर्वीच्या एका शाळेतली गोष्ट. तिसरीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत लंगडी खेळून आला आणि बाकावर दोन्ही हात टेकून पुढे वाकला. श्वास सोडताना छातीतून बारीक शिटी वाजत होती. "बाई, माझा पंप..." एवढेच कसेबसे बोलला. पंप ऑफिसातल्या कपाटात होता. कारण औषधे मुलांजवळ ठेवायची नाहीत असा शाळेचा नियम! किल्ली कारकुनाच्या खिशात आणि कारकून बँकेत. मी त्याला ताठ बसवले, कॉलरचे बटण काढले, भोवतीची मुले दूर केली. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "बाई, तो मरणार का हो?" शेवटी शिपायाने कुलूप फोडले. पंप मिळाला, मुलगा सावरला. कुलूप मात्र नवे आणून पुन्हा त्याच कपाटाला लावले गेले!

दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, चिकट कफ साचतो. पंपातले साल्ब्युटामॉल हे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करते. पाठ चोळून किंवा गरम पाणी पाजून ते होत नाही.

मुलाला आडवे करू नये, एकटे सोडू नये. त्याच्या डॉक्टरांनी लिहून दिले असेल तसेच करावे. तसे काही हाताशी नसेल, तर पंप हलवून स्पेसर नावाच्या नळकांड्यात एक फवारा मारावा आणि मुलाला त्यातून सावकाश चार श्वास घेऊ द्यावेत. असे एकामागून एक चार फवारे. मग चार मिनिटे थांबावे. उतार नसेल तर 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवावे. एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर फोन आधीच करावा.

आणि शिटी एकाएकी थांबली म्हणून हायसे वाटून घेऊ नका. मूल गळून गेले असेल आणि छाती गप्प झाली असेल, तर हवाच आतबाहेर होईनाशी झाली आहे. मोठी मोठी माणसे इथे फसतात.

पंपाची सवय लागते, हा आपल्या घराघरातला लाडका गैरसमज. ही सोय मुळात एका मुलीच्या प्रश्नातून निघाली. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने 1955 साली विचारले, की केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यात का मिळू नये? 1956 साली तसा पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल आले ते 1969 साली. इंग्लंडमध्ये तर 1 ऑक्टोबर 2014 पासून शाळांना जादा पंप जवळ ठेवण्याची कायद्याने मुभा आहे.

आपल्याकडे अडचण निराळीच! "बाई, कुणाला सांगू नका हं, मुलीची जात आहे," असे एक आई मला दाराआड कुजबुजून म्हणाली होती. मुलगी होती दुसरीत! तिच्या लग्नाची काळजी आजपासून. मधल्या सुट्टीची मात्र नाही.

तेव्हा पालकांनो, सुट्टी संपण्यापूर्वी एका कागदावर औषधाचे नाव, किती फवारे द्यायचे ते आणि तुमचा फोन नंबर लिहा. एक पंप आणि स्पेसर दप्तरात, दुसरा जोड वर्गशिक्षिकेच्या टेबलाच्या खणात; खणाला कुलूप नको. पंपावरची मुदत वाचा. किती फवारे उरले तेही पाहा. कारण औषध संपले तरी डब्यातून फुस्स करून वारा येतच राहतो, आणि मुलाला वाटते औषध मिळाले.