ओल्या जमिनींतील तहान

अहिल्यानगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कालव्यांखालीं अशीं कांहीं शेतें आढळतात कीं, ज्यांच्या मातीची मूठ वळली असतां ओल हातास लागते, पण उभा ऊंस मात्र पाण्यावांचून सुकल्यासारखा दिसतो. पानांचे शेंडे करपलेले, कांडी आंखूड, आणि वरंब्यांवर पांढरा थर. पाणी असून पीक तहानलेलें कां, या कोड्याचें उत्तर मुळांच्या सूक्ष्म पेशींत आहे.

मुळाच्या टोंकामागें बारीक लव असते. तिचा प्रत्येक केस म्हणजे एका पेशीचाच लांबट फांटा होय. पेशीस बाहेरून भिंत, तिच्या आंत अत्यंत पातळ पटल, त्याच्या आंत जीवद्रव्य व केंद्रक, आणि मध्यें रसानें भरलेली पोकळी असते. भिंत सच्छिद्र असल्यामुळें येणाऱ्याजाणाऱ्याची खरी पारख पटलच करतें. मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनहि पातळ असें हें पटल पाण्यास सहज वाट देतें, पण क्षारांस अडवितें. पटलांतील पाण्याचें प्रथिनमय द्वार ओळखल्याबद्दल पीटर आग्रे हे २००३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. क्षारांची ने-आण करण्यास मात्र पेशीस पुष्कळदां शक्ति खर्चावी लागते.

पाणी पटलांतून पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जातें. यास परासरण म्हणतात. बेदाणे भिजत घातले कीं फुगतात; कैरीच्या फोडींस मीठ लावलें कीं त्यांस पाणी सुटतें. दोन्हींचें कारण एकच. चांगल्या जमिनींत मुळाचा रस मातींतल्या पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी आंत येतें. मातींतच क्षार वाढले कीं ही ओढ मंदावते, आणि ते फारच वाढले तर मुळाची गत कैरीच्या फोडीसारखी होते.

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, आणि प्रवरेच्या कांठीं बारमाही ऊंस पसरला. त्यानें सुबत्ता आणली. परंतु जेथें काळ्या, चिकण जमिनीस पाणी अतोनात दिलें गेलें आणि निचरा राहिला नाहीं, तेथें भूजल वर चढलें. उन्हाळ्यांत पाणी वाफ होऊन गेलें, क्षार मागें उरले.

नुकसान एवढ्यावर थांबत नाहीं. वाढ होते ती पेशींच्या विभाजनानें. केंद्रकांतील गुणसूत्रें दुप्पट होतात, मध्यावर रांगेंत येतात, दोहोंकडे सारखीं वांटलीं जातात, आणि मध्यें नवी भिंत उभी राहते. कांद्याच्या मुळाच्या पेशींत सोळा गुणसूत्रें असतात. विभागल्यावर दोन्ही नव्या पेशींस सोळा-सोळाच मिळतात. पण नवी पेशी जन्मतः लहान असते. ती लांबते आंतल्या पाण्याच्या दाबानें. दाबच नसेल तर पेशी खुजी राहते, विभाजनहि मंदावतें, आणि कांडें आंखूड होतें.

म्हणून सुकलेला ऊंस पाहून पाटाचें आणखी पाणी सोडणें हा घातक मोह आहे. निचरा नसेल तर त्या पाण्यानें भूजल आणखी वर येतें. आधीं चर काढून निचरा करावा, मग गोड्या पाण्यानें क्षार धुऊन बाहेर घालवावे, आणि पुढें पिकास मोजूनच पाणी द्यावें. माती तपासून सोडियम अधिक आढळल्यास जिप्समहि घालावें. शेतकऱ्यास दिसते ती ओल. मुळास मात्र त्या ओलींतलें मीठ आधीं कळतें.