एकाच कपाटातला वाचक

गेल्या पावसाळ्यात माझा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया उत्तम झाली. खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. दीड महिना जिना उतरायचा नाही, मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही. टीव्ही तरी किती पाहणार? तिसऱ्या दिवशी सौ.ला म्हटलं, "वाचनालयातून काही आणतेस का? यादी देतो."

"यादीबिदी काही नको. मिळेल ते आणीन," असं म्हणून ती पिशवी घेऊन निघाली.

आमचं वाचनालय जुनं आहे. रत्नागिरीचं १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं; त्या मानानं आमचं धाकटं. पण लाकडी कपाटं, काचेची दारं, फरशीवर पडलेलं उन्हाचं चौकोनी तुकडं, देवघेवीच्या टेबलावरचा ओला स्पंज, सारं त्याच घराण्यातलं. मी तिथला चाळीस वर्षांचा वर्गणीदार. एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक. स्वतःला मी 'वाचणारा माणूस' समजत आलो.

सौ. परत आली ती हसतच. ग्रंथपाल बाईंनी तिला विचारलं होतं, "काका काय काय वाचतात?" मग त्यांनीच माझ्या नावाच्या जुन्या नोंदी काढल्या आणि म्हणाल्या, "काकू, काकांनी एकाच कपाटात जन्म काढला की हो!"

मला राग आला. खरं बोललं की येतो तसा. कारण ते कपाट मला डोळे मिटूनही दिसत होतं. दारातून आत शिरलं की डाव्या हाताचं, ऐतिहासिक कादंबऱ्यांचं. 'स्वामी' मी किती वेळा नेली असेल, गणती नाही. माधवराव आणि रमाबाईंचे संवाद मी माझ्या मुलीला इतिहास म्हणून सांगितले होते. पुढे ती इतिहास घेऊन बी.ए. झाली आणि एकदा जेवताना शांतपणे म्हणाली, "बाबा, हे संवाद रणजित देसाईंनी लिहिलेत. तिथं बसून कुणी टिपून घेतले नव्हते." त्या दिवशी आमटी जरा जास्तच तिखट लागली.

सोवळ्यापासून सुरुवात

बाईंनी पाठवलेलं पहिलं पुस्तक होतं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात आलेलं आत्मचरित्र. नाव अर्थातच ठाऊक होतं. शाळेत धडा होता. धडा वाचला म्हणजे पुस्तक वाचलं, अशी आपली पिढीजात समजूत.

शाळेचं शिक्षण जवळजवळ नाही, अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी आणि अतिशय लहरी. त्यानं १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. एवढ्या दुःखाची गोष्ट सांगताना ही बाई वाचणाऱ्याला हसवते. कुठं स्वतःची कीव नाही, नवऱ्यावर सूड नाही. माहेरी वडिलांना सोवळ्याचं वेड. ते वातावरण अंगात मुरलेलं. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. पण मला अडवून धरलं ते त्याआधीच्या पानांनी. कुणाच्या हातचं पाणी प्यावं, कुणाच्या हातचं खावं, हा झगडा बाई एकट्या, स्वतःशीच लढतात. कुणी व्याख्यान दिलं आणि त्यांना पटलं, असं होत नाही. त्या विचार करतात आणि एका टप्प्यावर मनातलं सोवळं सोडून देतात. ही पानं मी दोनदा वाचली. का, ते तेव्हा कळलं नाही.

दुसरं आलं विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. डाव्या हाताच्या कपाटाच्या अगदी शेजारच्या कपाटातलं. म्हणजे चाळीस वर्षं मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. वरसईचा हा भिक्षुक डोक्यावरचं कर्ज फेडायला, दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७ च्या वणव्यात सापडतो. झाशीच्या वेढ्यात तो शहरात आहे. इंग्रज आत शिरल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यानं डोळ्यांनी पाहिली. त्याच्या लेखनात राणी आहे, तशी भूक, तहान आणि भीतीही आहे. मिळवलेलं बहुतेक लुटलं जातं. घरी येताना सोबत असते ती आईवडिलांसाठी आणलेली गंगेची कावड.

पुस्तकाची स्वतःची कहाणीही थोडी थोडकी नाही. हे लेखन भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून झालं आणि इंग्रजी राज्याच्या धास्तीमुळे लेखकाच्या हयातीत छापलं गेलं नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी ते काढलं, पण भाषेवर आणि मजकुरावर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती यायला १९६६ साल उजाडलं. मुलीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही आवृत्ती कुठली, हे विचारायला लागलात!" तिच्या आवाजात कौतुक होतं, असं मी समजून चाललो आहे.

तालीम आणि मैदान

तिसरं, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ मधली. जेमतेम सव्वाशे पानं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक पोरसवदा मास्तर येतो. लोक त्याला आधी जोखतात, मग आपला म्हणतात. सगळे मिळून तालीम बांधतात आणि खुद्द राजेसाहेब ती पाहायला येतात. नंतर पाऊस दगा देतो आणि वाडी ओस पडते. तलवार नाही, दरबार नाही, पल्लेदार संवाद नाहीत. माझ्या कपाटातल्या कादंबऱ्यांत माणसं मोठी असत म्हणून गोष्ट मोठी होई. इथं मेंढरांमागे जाणारी माणसं आहेत, आणि पुस्तक मिटल्यावर घर रिकामं वाटतं.

चौथं मात्र इंग्रजी निघालं. रामचंद्र गुहांचं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड', २००२ मधलं. क्रिकेटवरचं पुस्तक पाहून मी खूश झालो. आमच्या आजोबांनी मुंबईचे चौरंगी सामने पाहिले होते. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांचे संघ. झाडावर चढून पाहणारी गर्दी. हे सारं आम्ही त्यांच्या मांडीवर बसून ऐकलेलं. पळवणकर बाळूच्या डावखुऱ्या फिरकीबद्दल तर ते असं बोलत, की चेंडू जणू आमच्या ओसरीवरच वळतोय.

पुस्तकात तोच बाळू भेटला. पण आजोबांनी न सांगितलेला. जन्म १८७६ चा, धारवाडचा, चांभार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता तो नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकू लागला. त्याचा हात पाहून पुण्याच्या हिंदू मंडळींनी त्याला संघात घेतलं खरं, पण मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चाले, त्याला चहाच्या वेळी मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूनं शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद मात्र त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. तेही बराच वाद झाल्यावर. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही.

आजोबांनी चेंडूची फिरकी सांगितली. चहाचं भांडं सांगितलं नाही. त्यांनी ते पाहिलंच नसेल, की पाहूनही सांगण्यासारखं वाटलं नसेल? पुस्तक छातीवर ठेवून मी बराच वेळ छताकडे पाहत राहिलो. आठवत होतं ते मैदान नव्हतं. आमची बँकेची शाखा होती.

एस.टी.चं तिकीट

माझ्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं एक सहकारी होता. हिशेबाला पक्का, बोलायला मोजका. दुपारी आम्ही सात-आठ जण मागच्या खोलीत डबे एकत्र उघडून बसायचो. तो आपल्या टेबलावरच जेवायचा. "मला पथ्य आहे," म्हणायचा. आम्ही त्याला बोलावलं नाही असं नाही. एकदा बोलावलं, दुसऱ्यांदा बोलावलं नाही.

१९८४ मध्ये त्यानं एकदा माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवलं. दया पवारांचं 'बलुतं'. "तुम्ही वाचता म्हणून आणलं. सवडीनं वाचा," म्हणाला. पुस्तक महिनाभर माझ्या खणात पडून होतं. मग मी ते परत केलं आणि म्हटलं, "छान आहे हो." एक पानही उलटलं नव्हतं.

पाचव्या खेपेला मी सौ.ला पुस्तकाचं नाव सांगितलं. एवढी एकच माझी यादी.

'बलुतं' १९७८ मध्ये आलं. दोन रात्रींत वाचून संपवलं. पांढरपेशी नोकरी करणारा, लिहिता झालेला दया पवार आणि गावातून, मुंबईच्या कावाखान्यातून आलेला दगडू मारुती पवार; एकाच माणसाचे हे दोन भाग समोरासमोर बसून बोलतात. कचेरीत इस्त्रीचा शर्ट घालून बसलेल्या माणसाच्या आत कोण बसलेलं असतं, ते मला साठी उलटल्यावर कळलं. माझ्या सहकाऱ्यानं मला पुस्तक दिलं नव्हतं. आपली ओळख करून द्यायचा प्रयत्न केला होता. मी म्हणालो, छान आहे.

फोन करायला चार दिवस लागले. तो आता मुलाकडे नाशिकला असतो. गुडघ्याची चौकशी झाली, पेन्शनचं बोलणं झालं, मग मी एकदाचं सांगून टाकलं. "तुम्ही ते 'बलुतं' दिलं होतंत ना, ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. खोटं बोललो."

तो हसला. "मला तेव्हाच कळलं होतं. विसाव्या पानात माझं एस.टी.चं तिकीट होतं, अर्धं बाहेर आलेलं. तुम्ही परत दिलंत तेव्हा ते तसंच होतं."

काय बोलावं कळेना. थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "आता वाचलंत?"

"वाचलं."

"मग या एकदा घरी. फोनवर काय बोलायचं त्याच्यावर? दुपारचे या, जेवायलाच."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणतात, अजून पंधरा दिवस थांबा. तोवर जिन्याच्या पाच पायऱ्यांची सवय करतो आहे. काल काठी टेकत वाचनालयापर्यंत गेलो होतो. बाईंनी विचारलं, "काका, आज कुठलं कपाट उघडू?" डाव्या हाताच्या कपाटाकडे नजर गेलीच, चाळीस वर्षांची सवय आहे. ती कादंबऱ्यांची ओळ मला आजही आवडते आणि ती मी पुन्हा वाचणारही आहे.

"तुम्हीच ठरवा," मी म्हटलं, आणि बाकावर बसलो.