पंधरा दिवसांचे सेवेकरी

२० जूनचा जागतिक निर्वासित दिन दरवर्षी आकड्यांतच पार पडतो. २०२४च्या अखेरीस १२ कोटी ३२ लाख माणसं घरदार सोडून परागंदा होती, हे आता पाठ झालंय. त्याच सुमारास अमेरिकेतल्या चर्चची पथकं एकसारखे टी-शर्ट घालून विमानतळावर फोटो काढत असतात. ती निघालेली असतात ‘शॉर्ट टर्म मिशन’ला, म्हणजे थोड्या दिवसांच्या धर्मसेवेला. असे सोळा लाख अमेरिकी दरवर्षी परदेशी जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५ साली बांधला होता. तेव्हा ओढा मेक्सिकोकडे असायचा, २०१५नंतर त्यात ग्रीसच्या निर्वासित छावण्यांची भर पडली.

या हौसेवर सगळ्यात जहाल बोलला तो कुणी नास्तिक नव्हे, तर एक कॅथलिक पाद्री. इव्हान इलिच मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाकात लॅटिन अमेरिकेत जाणाऱ्या मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारी संस्था चालवायचा. एप्रिल १९६८मध्ये सुट्टीत सेवा करायला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांपुढे तो बोलायला उभा राहिला आणि सदिच्छा गेल्या खड्ड्यात, असं तोंडावर सुनावलं. मेक्सिकोत या, डोंगर चढा, फुलं बघा, शिका. पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा येत नाही त्यांचं भलं कशात आहे, हे तुम्ही कसं ठरवणार? श्रोत्यांना इतकं झापलेलं भाषण माझ्या तरी वाचनात दुसरं नाही.

मला इलिच पटतो, पण ग्रीसच्या लेस्बोस बेटावरच्या मोरिया छावणीपाशी अडतो. मार्च २०१६मध्ये युरोपीय संघाचा तुर्कस्तानशी निर्वासितांबाबत करार झाला आणि मोरियाचा बंदिवास झाला. निषेध म्हणून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या मोठ्या संस्थांनी तिथलं काम थांबवलं. मागे उरलेल्यांत ख्रिस्ती स्वयंसेवक होते. तंबू वाटणं, कपड्यांचे गठ्ठे सोडून मापांनुसार लावणं, फाटकावर रात्रपाळी करणं, ही कामं त्यांनी उपसली. त्यांत डोकं झाकलेल्या मेनोनाइट पंथाच्या मुली होत्या आणि समोरच्या रांगेत डोकं झाकलेल्या अफगाण बायका. इलिच ज्या मेक्सिकन खेड्यांबद्दल बोलत होता, तिथे निदान गावकरी तरी आपल्या घरात होते. इथे तंबू द्यायला दुसरं होतं कोण?

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘गार्डियन’ने बातमी दिली, की तिथल्या काही ख्रिस्ती कार्यकर्त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाच्या अरबी प्रती वाटल्या आणि त्यांत धर्मांतराचा फॉर्म होता. सगळेच असं करत नव्हते, हे खरं. तरी ज्याच्या हातून तंबू घ्यायचा, त्याच्याच हातातली पुस्तिका नाकारायला किती जणांची जीभ रेटेल? शिवाय इराणी किंवा अफगाण माणसाच्या धर्मांतराने परत पाठवल्यास जिवावर बेतू शकतं. त्यामुळे आश्रयाच्या अर्जात तो मुद्दा ठरतो आणि मग अधिकारी श्रद्धेची उलटतपासणी घेतात. तोवर फॉर्म देणारा ओहायोत कॉलेजला परतलेला असतो.

आपल्याकडचे जुने मिशनरी या बाबतीत वेगळे. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि १८२६मध्ये नाशिकहून परतताना कॉलऱ्याने वाटेतच गेला. त्याच्या धर्मप्रसाराशी भांडण असू शकतं, पण भांडायला तो जागेवर तरी असायचा!

मोरियात पुढे २०२० आलं. जेमतेम तीन हजारांच्या जागेत वीस हजारांच्या आसपास माणसं कोंबलेली, त्यात कोरोना आणि प्रवास बंद. तेव्हा ‘मोरिया कोरोना अवेअरनेस टीम’ उभी केली ती छावणीतल्या अफगाण निर्वासितांनीच. नळापाशी हात धुवायला शिकवणं, फलक लिहिणं, कचरा उचलणं ही कामं त्यांनी वाटून घेतली, तर बायका मास्क शिवायला बसल्या. छावणीची भाषा त्यांना शिकावी लागली नाही आणि परतीचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतंच. सप्टेंबरमध्ये मोरिया जळून खाक झाली, तेव्हाही ते तिथेच होते.